मुरबाडकडे अर्धा एकर घेतोय. चौघांना वर्षभर पुरेल इतकं पिकेल, की बाजारातून आणलेलंच स्वस्त पडेल?

तांदूळ पुरेल, भाजी पुरणार नाही. उत्तर एवढंच. पण ते 'बाजारातून आणलेलंच स्वस्त' वाचलं आणि राहवलं नाही. हे वाक्य आमच्या दाजींचं. गणपतीत, घरभर पाहुण्यांसमोर, माझ्याच शेतातला भात कालवता कालवता म्हणाले होते.

मी राहतो कळव्यात. मुरबाडच्या पुढे वडिलांचे बावीस गुंठे आहेत, सगळी खाचरं, पाणी फक्त पावसाचं. बरं वर्ष असलं तर सात-आठ क्विंटल भात होतो, भरडून साडेचार-पाच क्विंटल तांदूळ. आम्ही चौघं अडीच खातो, उरलेला ताईकडे जातो. म्हणजे दाजींकडेच.

पहिल्या वर्षी भात झोडला, पेंढा रचला आणि शेताकडे पाठ फिरवून दिवाळीला घरी आलो. शेजारच्या बांधावरची आजी तेव्हा म्हणाली होती, "ओल हाय तवर वाल टाक. मग काय ढेकळात टाकशील?" पुढच्या वर्षी टाकले. हातभर वेल झाले आणि एका रविवारी जाऊन बघतो तर नुसती खोडं. भात निघाला की गावची गुरं मोकळी सुटतात, रीतच आहे, भांडणार कुणाशी? तिसऱ्या वर्षी करवंदी आणि बोरीच्या काट्यांची वई घातली. चार रविवार गेले, मनगटं ओरबाडून निघाली. पण वालाला एक तांब्या पाणी घातलं नाही, जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव यावर आले. जानेवारीत ओल्या शेंगा खाल्ल्या, मार्चमध्ये दाणे वाळवून डब्यात भरले.

त्या वालांचं बिरडं केलं तेव्हा दाजी जेवायला होते. तिसऱ्यांदा वाढून घेताना विचारतात, "वाल कुठले रे? पनवेलचे?" बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, ताक प्यायलो.

भाजीचं म्हणाल तर बारा महिने टोमॅटो-फ्लॉवर डोक्यात असेल तर जागा घेऊच नका. पहिल्या पावसात शेवळं (आतला पिवळा भाग काढा आणि काकडाची आंबट फळं घालाच, नाहीतर घसा धरून बसाल), मग टाकळा, कुर्डू, श्रावणाकडे कंटोळी, बांधावर लावलात तर काकडी आणि पडवळ. यातलं निम्मं पेरावंही लागत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र हिरवं पान दिसत नाही. डब्यातले वाल, सुकट आणि कैरी.

आता खरं सांगतो. लावणीची मजुरी, ट्रॅक्टर, दर आठवड्याचं कल्याणहून एसटीचं भाडं हे सगळं धरलं तर आमचा तांदूळ दुकानातल्यापेक्षा महागच पडतो. विहीर असेल तर गणित थोडं बदलेल, आमच्याकडे नाही. दाजींना हे कळवू नका. यंदा त्यांनी पाच किलो वाल मागून नेलेत, बाजारभावाने पैसे देतो म्हणाले होते. मार्च गेला, पावसाळा आला, अजून दिले नाहीत.