स्थानिक बातम्या आटल्या की शहराच्या कारभारात खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतले पत्रकारितेचे प्राध्यापक स्थानिक बातम्या आणि नागरिकांचा सहभाग यांचं जे नातं दाखवतात, ते ठाण्याला लागू होतं का. होतं. मी अकरा वर्षं ठाण्यातल्या एका छोट्या दैनिकासाठी महापालिका बीट केली, म्हणजे रोज महापालिकेच्याच बातम्या करायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेनेलोपी ॲबरनॅथी या प्राध्यापिकेने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात असताना बंद पडलेल्या वृत्तपत्रांची मोजदाद केली. २०१८ च्या अहवालात आकडा आला: २००४ पासून जवळजवळ १,८०० वृत्तपत्रं बंद. जिथे भरवशाची स्थानिक बातमी पोचतच नाही, त्या भागाला त्या 'बातम्यांचं वाळवंट' म्हणतात. मला मात्र त्यांचा दुसरा शब्द जास्त लागला, 'भूत झालेलं वृत्तपत्र'. नाव तेच, अंकही निघतो, पण आत बातमीदार उरलेले नसतात.

परिणामांचं सांगायचं तर सिनसिनाटीचं उदाहरण घ्या. ओहायो नदीच्या एका तीरावर हे मोठं शहर, पलीकडे केंटकी राज्यातली उपनगरं. 'सिनसिनाटी पोस्ट' ३१ डिसेंबर २००७ ला बंद पडलं, तेव्हा खप जेमतेम २७,००० होता. पण उपनगरांच्या बातम्या तेच मनापासून द्यायचं. पुढच्या निवडणुका दोन अभ्यासकांनी तपासल्या. जी गावं त्या वृत्तपत्रावर जास्त अवलंबून होती, तिथे उमेदवार कमी उभे राहिले, मतदान घटलं आणि खुर्चीवर असलेलेच पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढली. नमुना छोटा आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केलंय. तरी वाचताना नदीच्या जागी मला मुंबई आणि ठाण्याच्या सीमेवरचा मुलुंड चेकनाकाच दिसत होता. नाक्याच्या अलीकडे राहून आपण बातम्या मुंबईच्या आणि दिल्लीच्याच वाचतो.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं. घोडबंदर पट्ट्यात मैदानासाठी राखीव असलेल्या एका भूखंडाचं आरक्षण बदलायची जाहीर नोटीस निघाली होती. नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. नोटीस नियमाप्रमाणेच छापलेली, पण भाषा सर्व्हे नंबरची आणि टाइप मुंगीएवढा. मी बारा ओळींची सिंगल कॉलम बातमी केली: भूखंड कुठल्या शाळेच्या मागे, आता तिथे काय आहे, हरकत कुठे द्यायची, शेवटची तारीख कोणती. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ती कापून इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवली. दोन दिवसांनी मी कार्यालयात गेले, तर आवक खिडकीसमोर रांग. प्रत्येकाच्या हातात दोन प्रती, एक द्यायची, दुसरीवर शिक्का घ्यायचा. शिक्क्याची शाई ओली म्हणून एक आजोबा कागदावर फुंकर घालत उभे होते. पुढे सुनावणीला हीच माणसं आली, आणि त्यातल्या तिघी नंतर प्रभाग समितीच्या बैठकांनाही येत राहिल्या. आधी त्यांना प्रभाग समिती असते हेही माहीत नव्हतं.

मी नोकरी सोडल्यावर काही वर्षांनी शेजारच्याच भागात तशीच नोटीस निघाली. बातमी कुणी केली नाही. मलाही कळलं ते भूखंडाभोवती पत्रे लागल्यावर. बीट करणारी मी, आणि मला पत्रे बघून कळावं, याचं अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडली. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात महासभा भरत नव्हती, म्हणजे गोषवारा, सभेपुढच्या प्रस्तावांची माहिती देणारा कागद, हातात येत नव्हता, कुणी नगरसेवक उठून प्रश्न विचारत नव्हता. बातमीदाराला बसायला जागाच नव्हती. मग उरायची प्रेसनोट, आणि ती जशीच्या तशी छापली जायची. ॲबरनॅथींचं भूत ते हेच.

मोबाइलवर सगळं कळतं, असं तुम्ही लिहिलंय. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी आलं नाही हे पाच मिनिटांत कळतं, खरंय. पाणीपुरवठ्याचं कंत्राट कुणाला, किती वाढीव दराने गेलं, ते तिथे येत नाही. त्यासाठी कुणीतरी पगार घेऊन दिवसभर कागद वाचत बसावं लागतं.

तुम्ही कोलशेतला नवीन राहायला आलात ना? सोसायटीच्या कागदपत्रांत जमिनीचा सर्व्हे नंबर असतो, तो आणि आजूबाजूचे चार नंबर टिपून ठेवा. स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणं होत असेल तर स्थानिक अंकांचं जाहीर नोटिशींचं पान आधी उघडा आणि त्यात हे नंबर आहेत का बघा. आणि तुमच्या भागाची बातमी करणारा कुणी बातमीदार अजून असेल तर त्याचा नंबर घ्या, तशी नोटीस दिसली की त्याला फोन करा.