जुना लॅपटॉप घ्या, पण भाव बॅटरी बघून ठरवा

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या एक वाचक भगिनी लक्ष्मीपुरी आणि मार्केट यार्डातल्या सहा दुकानांचं टॅलीचं, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाचं, काम बघतात. महिन्याला सुमारे 22,000 रुपये सुटतात, बचत 35,000 आहे आणि तीन महिन्यांनी 30,000 ची भिशी हातात येणार आहे. राजारामपुरीतल्या एका दुकानात त्यांना जुना डेल लॅटिट्यूड 7490 मिळतोय. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, 16 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, किंमत 23,500. वॉरंटी तीन महिन्यांची, त्यात बॅटरी धरलेली नाही. दुसरीकडे नवा लॅपटॉप 46,000 ला, 12 हप्त्यांत. दुकानदार ‘बॅटरी 90 टक्के आहे’ म्हणतो. त्यांनी विंडोज काढून देतं त्या बॅटरी रिपोर्टचा फोटो पाठवलाय. लिलावात 3,000 ची तूट सोसून भिशी आत्ताच उचलू का, असंही विचारलंय.

ताई, आधी त्या 90 टक्क्यांचं बघू. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो तो आकडा आत्ता किती चार्जिंग झालंय एवढंच सांगतो. टाकी किती भरलीय ते कळतं, टाकी केवढी उरलीय ते नाही. तुमच्या फोटोत दोन ओळी कामाच्या आहेत. डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना, 60,000 मिलीवॉट-तास. फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज पूर्ण भरल्यावर, 41,400. दुसरीला पहिलीने भागा: 69 टक्के. सायकल काउंट 412. एक सायकल म्हणजे एकूण 100 टक्के वापर. आज 50 टक्के वापरली, उद्या 50, तरी सायकल एकच. चारशे सायकलींनंतर 69 टक्के हा आकडा पटण्यासारखा आहे. मला तो आवडलाही, कारण तो खरा वाटतो.

संशय घ्यायचा तो उलट्या आकड्यावर. आठ वर्षांचं मशीन, सायकली शून्य आणि क्षमता बरोब्बर 100 टक्के, असं दिसलं तर सावध व्हा. हा आकडा बॅटरीच्या आतली चिप सांगते. स्वस्तातली नकली बॅटरी किंवा आतले सेल बदलून पुन्हा बंद केलेली बॅटरी चिपकडून काहीही वदवून घेऊ शकते. शिवाय दुकानदाराने विंडोज नव्याने टाकलं असेल तर रिपोर्टमधला जुना इतिहास पुसला जातो आणि तक्ता त्या दिवसापासूनच सुरू होतो. म्हणून गुजरीत, सराफांच्या पेठेत, सोनं मोडायला गेल्यावर जशी कसोटी लावतात, तशी इथेही लावायची.

बॅटरी 100 टक्के भरून घ्या, चार्जर काढा, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा आणि वाय-फायवर अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा. अशा वापराला साधारण 10 वॉट लागतात, म्हणजे अर्ध्या तासात 5 वॉट-तास. तुमच्या 41,400 मिलीवॉट-तासांतून, म्हणजे 41.4 वॉट-तासांतून, ते 12 टक्क्यांच्या आसपास जातात. लॅपटॉप 86 ते 90 वर थांबला तर रिपोर्ट खरा. 75 वर आला तर रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. आकडा एकदम 60 वरून 45 वर पडला किंवा 25 टक्के दाखवत असतानाच मशीन बंद पडलं, तर एखादा सेल गेलाय: थोडा ताण येताच त्याचा व्होल्टेज कोसळतो. दुकानदार अर्धा तास द्यायला कुरकुरला तर तिथेच उठा.

तो अर्धा तास चालू असताना लॅपटॉप काचेच्या काउंटरवर ठेवून चारही कोपरे दाबा. डुगडुगत असेल, टचपॅड वर आलं असेल किंवा नीट क्लिक होत नसेल, तर बॅटरी फुगलीय. असा लॅपटॉप कितीही सूट दिली तरी नको. चार्जिंगच्या खोबणीत टॉर्च मारा, तळाचे स्क्रूही बघा. हिरवट-पांढरा थर किंवा गंज असेल तर आत पाणी गेलेलं असू शकतं. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर कोल्हापुरात ही तपासणी सोडून चालत नाही.

मग मशीन बंद करून एफ-टू हे बटण दाबत सुरू करा. डेलच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बॅटरीची स्थिती आणि कोणता अडॅप्टर जोडलाय ते दिसतं. अडॅप्टर ओळखला गेला नाही तर डेल बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरही मंदावतो. मग दोष बॅटरीचा वाटतो, असतो चार्जरचा. शेवटी इंटरनेट जोडून त्यांच्याकडूनच विंडोज रिसेट करून घ्या. एखाद्या कंपनीचं लॉगिन समोर आलं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. घेऊ नका.

आता हे 69 टक्के तुम्हाला पुरतील का? टॅलीला 8-9 वॉट लागतात. 41.4 भागिले 9 म्हणजे साडेचार तास, शेवटचे 10 टक्के सोडले तर चार. तुम्ही लिहिलंय की बाहेर सलग तीन तासांच्या वर लागत नाही. म्हणजे आज भागेल. पण क्षमता निम्म्यावर, 30 वॉट-तासांवर आली की जेमतेम तीन तास मिळतील, आणि तो दिवस वर्ष-दीड वर्षात येईल असं धरून चाला. नव्या चांगल्या बॅटरीचा तुम्हाला मिळालेला भाव 5,500 आहे. हा खर्च आजच किमतीत धरायचा.

नवा 46,000 चा लॅपटॉप पाच वर्षं चालला तर वर्षाला 9,200 पडतात. जुना 23,500 अधिक बॅटरी 5,500, एकूण 29,000. तो आणखी तीन वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला 9,666. म्हणजे या भावात जुनाच महाग! दोन्हींची बरोबरी होते 22,100 ला, पण नव्यावर वर्षभराची वॉरंटी असते, तेव्हा जुना त्याहून चांगला स्वस्त हवा. माझा आकडा 20,500. म्हणजे वर्षाला सुमारे 8,670. रिपोर्टची प्रिंट समोर ठेवा, 5,500 चा खर्च दाखवा आणि 3,000 कमी करायला सांगा. 21,000 पर्यंत या, त्यावर नको. मशीनचा सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या.

मग हप्त्यावर नवा का नको? महिन्याला 3,833, म्हणजे कमाईचा सहावा हिस्सा, आणि व्यापारी तुमची फी वेळेवर देतातच असं नाही. हप्ता मात्र तारखेला जातो. ‘नो-कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवला जाणारा, असला तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येतो. घसाऱ्याने, म्हणजे लॅपटॉपची दरवर्षी घटणारी किंमत खर्चात दाखवून, कर वाचेल असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. तुमचं वर्षाचं उत्पन्न 2 लाख 64 हजार. करच लागत नाही, तर वाचणार काय?

भिशी लिलावात उचलू नका. 27,000 तीन महिने आधी मिळावेत म्हणून 3,000 सोडणं म्हणजे तीन महिन्यांना 11 टक्के, वर्षाच्या हिशेबाने 44. सावकारही लाजेल. लॅपटॉप बचतीतून घ्या, 14,500 उरतील. तीन महिने हात आखडता ठेवावा लागेल, मग भिशीचे 30,000 आले की ते बचत खात्यात टाका आणि त्यातले 5,500 बॅटरीसाठी वेगळे काढा.

घरी काम करताना लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल, तर बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी तापत राहिली की लवकर झिजते. बाहेर जायच्या आदल्या रात्री तेवढी 100 वर न्या.