मधले दिवस मोज

प्रिय बाय,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागीच होते. पण एवढ्या मोठ्या गोष्टीला मोबाईलवर अंगठ्याने उत्तर देणं जमेना, म्हणून सकाळी चहा झाल्यावर कागद घेऊन बसले. जूनपासून पोरीचा कान चार वेळा दुखला, चार वेळा अँटिबायोटिक झालं. आता डॉक्टर म्हणतात ग्रोमेट, म्हणजे कानाच्या पडद्यात बारीक नळी, बसवूया. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीच्या कानाला भोक कसलं पाडता? आणि तुझा नवरा म्हणतो, एकदाचं करून मोकळे होऊया. शुक्रवारी जायचंय आणि तुला झोप नाही.

आधी एक सांगते. चवथीला तुमच्याकडे आरतीला आले होते, तेव्हा तुझी लेक आरतीत वाजवायच्या घुमटाला चिकटून बसली होती. नुसती जवळ नव्हे, मडक्यावर गाल टेकून. मागून तिला हाक मारली, दोनदा मारली, तिने वळून पाहिलं नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. सणाच्या दिवशी बोलवेना, म्हणून गप्प राहिले. ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

घुमटाचंच उदाहरण घे, कारण कानाची गोष्ट त्याहून सोपी करून मला सांगता येत नाही. मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर ताणलेलं कातडं आणि मागे लहान तोंड उघडं. वाजवणारा एका हाताने कातड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत नाद घुमवतो. ते तोंड बुजवून टाकलं तर नाद दबतो. मडक्यात पाणी भरलं तर विचारायलाच नको, नुसतं थप्प. आपला मधला कान असाच आहे. पुढे पडदा, आत हवेची लहानशी पोकळी आणि मागे नाकाच्या दिशेने उघडणारी एक नळी. मोठ्या माणसांत ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दी झाली की सुजून बंद होते. आत हवा जाईना की पाणी साठतं, आणि रेंगाळलं तर डिंकासारखं चिकट होतं. ग्रोमेट म्हणजे दुसरं काही नाही. मागचं तोंड नीट उघडत नाही तोवर पुढच्या कातड्याला एक बारीक खिडकी. 1954 साली अमेरिकेतल्या आर्मस्ट्राँग नावाच्या डॉक्टरांनी पडद्यात प्लॅस्टिकची नळी बसवून ठेवायची रीत सुरू केली, तेव्हापासून ती चालत आली आहे. पडद्याला नुसता छेद दिला तर तो काही दिवसांत भरून येतो. नळी तो उघडा ठेवते, एवढंच तिचं काम.

आता तुझा प्रश्न. तू मला दुखण्याच्या तारखा लिहून पाठवल्यास. अगदी नीट, तापासकट. मला त्या नकोत. मला दोन दुखण्यांच्या मधले दिवस हवेत. ताप गेला, रडणं थांबलं, पोर खेळायला लागली, त्या दिवसांत तिच्या पडद्यामागे काय असतं? कान कोरडा होतो की पाणी तसंच राहतं? ग्रोमेटचा निर्णय त्या शांत दिवसांवर ठरतो, आणि ते दिवस आपण सगळेच विसरतो, कारण तेव्हा रात्री कोणी उठवत नाही.

सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान दुखला तर ‘वारंवार’ म्हणायचं, असं डॉक्टरांचं माप आहे. त्या मापात तुझी लेक बसते. पण तपासणीच्या दिवशी, पोर बरी असताना, दोन्ही पडद्यांमागे पाणी नसेल तर ग्रोमेटची घाई करू नये, असंही तेच डॉक्टर सांगतात. 2021 साली पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी तीन वर्षांच्या आतल्या 250 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना नळ्या बसवायच्या, अर्ध्यांना लागेल तेव्हा औषध द्यायचं. दोन वर्षं पाहिल्यावर कान बिघडण्याचं प्रमाण दोन्हीकडे एका मुलामागे वर्षाला दीड वेळाच्या आसपासच निघालं. म्हणजे ‘एकदाचं करून मोकळे’ हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं तेवढं खरं नाही. नळी असली तरी सर्दी होते, आणि कान वाहूही शकतो.

पण पाणी तीन महिने हललं नाही आणि ऐकू कमी येतंय, तर गोष्ट वेगळी. मग सासूबाईंचं ऐकून थांबण्यातही अर्थ नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीस वर्षं मी ऐकण्याच्या तपासणीच्या खोलीत बसले. जाड भिंतींची, खिडकी नसलेली ती खोली तू लहानपणी पाहिली आहेस. मुलाच्या कानावर हेडफोन, हातात लाकडी मणी, समोर प्लॅस्टिकची बादली. ‘टूं’ ऐकू आलं की मणी बादलीत टाकायचा. आईला मी कधी मुलाच्या समोर बसू द्यायची नाही, कारण मूल कानापेक्षा आईच्या भुवयांवर लक्ष ठेवून मणी टाकतं. एवढं सगळं मला कळायचं. आणि माझाच मुलगा चार वर्षांचा असताना वर्षभर मी त्याला हट्टी म्हणत होते. हाक मारली तर येत नाही, टीव्हीला नाक लावून बसतो, बालवाडीच्या बाईंनी ‘लक्ष नसतं’ म्हणून सांगितलं, तर त्या रात्री मी त्याला एक चापटही दिली. कान दुखला असता तर मी धावले असते. त्याचा कान एकदाही दुखला नाही. मग आमच्याकडे नवीन मशीन आलं, लावून बघायला कोणीतरी लहान मूल हवं होतं, म्हणून त्याला घेऊन गेले. मणी हातात धरून तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. दोन्ही कानांत 35 डेसिबल, त्याहून हळू आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. माणूस कुजबुजतो ते साधारण 30. मी त्याच्या कानात सांगितलेलं कुठलंच गुपित त्याला कळलं नव्हतं.

आम्ही तीन महिने थांबलो. बहुतेक मुलांचं पाणी तेवढ्यात आपोआप ओसरतं, म्हणून थांबायचंच असतं. त्याचं ओसरलं नाही. मग नळ्या बसवल्या. पूर्ण भूल द्यावी लागली, आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत माझा चहासुद्धा संपला नव्हता. भुलेतून उठताना भयंकर रडला, संध्याकाळी घरी आलो. रात्री झोपेना. म्हणे, नळ गळतोय. नळ खरंच गळत होता. आम्हाला इतकी सवय झाली होती की आम्ही तो ऐकणं सोडलं होतं.

तर शुक्रवारी काय करायचं ते सांगते. पोरीला सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकल, त्या दिवशीच्या तपासणीला काही किंमत नाही. बरी असेल तर टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडदा हलतो का ती तपासणी, करून घे. कानात बारीक बोंडी लावतात, दुखत नाही, मिनिटात आटोपतं. कागदावर डोंगरासारखी टोकदार रेघ आली तर आत हवा आहे. आपल्या सड्यासारखी, कातळाच्या पठारासारखी सपाट आली तर आत पाणी. मग मण्यांची तपासणी. साडेतीन वर्षांची आहे, खेळीमेळीने घेतलं तर देईल. नाहीच दिली तर झोपेत करतात ती ऐकण्याची तपासणी, बेरा, आहे. हे दोन कागद हातात नसताना ‘हो’ म्हणू नकोस, आणि ‘नाही’ही म्हणू नकोस.

बोलण्याचंही बघ. तू लिहितेस, ती ‘ताट’ आणि ‘पाट’ एकच म्हणते, आणि घरातले म्हणतात घरी मराठी, वाड्यावर कोंकणी, शाळेत इंग्रजी, म्हणून पोर गोंधळते. हे कारण मी हजार वेळा ऐकलं आहे. आपल्या गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या पोरं दोन-तीन भाषा बोलतच वाढली, बाय. भाषांवर ढकलू नकोस, आधी कान तपास. बोलणं मागे पडत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, कारण अशा मुलांत, तसंच टाळू फाटलेल्या किंवा डाऊन सिंड्रोमच्या मुलांत, तीन महिन्यांचा हिशेब तितका ताणत नाहीत.

थांबायचं ठरलं तर साठलेल्या पाण्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक मागू नकोस, सर्दीची सिरपंही त्याला हलवत नाहीत. लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल कानात घालायचं नाही, मग ते कोणीही सांगू दे. पोरीच्या जवळपास कोणी सिगरेट ओढायची नाही. तुझ्या सासऱ्यांना हे तूच सांग, माझं नाव घातलंस तरी चालेल. आणि कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, पोर मलूल पडली, तर शुक्रवारची वाट न पाहता त्याच दिवशी गाडी काढ.

नळ्या बसवायच्या ठरल्या तर सासूबाईंना सांग की भोक कायमचं नसतं. सहा महिने ते दीड वर्षात नळी आपोआप बाहेर पडते आणि पडदा भरून येतो. शंभरात दोन-तीन मुलांत भोक राहतं, ते लपवू नकोस. पुढे शिवता येतं. काहींना नळी दुसऱ्यांदा बसवावी लागते. नळी असताना कान वाहिला तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब पुरतात. घरातले जुने थेंब मात्र मुळीच घालू नकोस, त्यातल्या काही औषधांनी आतल्या कानाला इजा होते. मिरामारला लाटांत खेळली तर काही बिघडत नाही. तळीत बुड्या मारायला लागेल तेव्हा बघू. आणि ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, तीही काढूया असं म्हणाले तर का म्हणून विचार. चार वर्षांखाली, नाकाची वेगळी तक्रार नसेल, तर पहिल्या वेळी सहसा काढत नाहीत.

पैशांचं म्हणशील तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाची मुदत आजच बघून ठेव, आणि हे त्यात बसतं का ते ॲडमिट होण्याआधी काउंटरवर विचार, नंतर नव्हे.

दोन्ही कागदांचे फोटो काढून मला पाठव. ऐकण्याच्या ग्राफवर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. उजेडात काढ, गेल्या वेळी पाठवलेल्या फोटोत मला फक्त तुझा अंगठा दिसला होता.

तुझी,
मावशी