भाचा म्हणतो लिनक्स टाक, पण पत्रिकांचं काय?

प्रश्न : बार्शीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल अशी कामं असतात. विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि संगणक जुना असल्याने विंडोज ११ बसत नाही. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, ‘मावशी, विंडोजऐवजी लिनक्स टाक, फुकट आहे. त्यात वाइन नावाचं सॉफ्टवेअर घातलं की विंडोजचं सगळं चालतं.’ माझ्याकडे पानं जुळवायचं पेजमेकर ७, मराठी फॉन्टचं डोंगलवालं (यूएसबीला किल्ली लावल्याशिवाय न चालणारं) पॅकेज आणि कित्येक वर्षांच्या फायली आहेत. टाकू का?

उत्तर : ताई, लगीनसराई उरकेपर्यंत मशीनला हात लावू देऊ नका, भाच्यालाही नाही.

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वाइनवर १९९३ पासून काम चालू आहे आणि ते खरोखर गुणी आहे. विंडोजचा प्रोग्राम पावलोपावली विंडोजकडे काही ना काही मागत असतो : ही फाइल वाच, ही खिडकी काढ, हे प्रिंटरला दे. वाइन त्याच मागण्या लिनक्सकडून पुऱ्या करून घेतं. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र लिनक्सवर चालतं, आणि त्यावर विंडोजचे गेम धावतात ते याच तंत्राच्या जोरावर. भाच्याने बहुधा तेच पाहिलं असणार.

पण गेमला डोंगल नसते. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो, आणि तिथवर वाइनचा हात पोचत नाही. पॅकेज उघडेल आणि ‘डोंगल सापडत नाही’ म्हणून बंद होईल. शिवाय असं पॅकेज तुम्ही दाबलेली बटणं मधल्यामध्ये पकडून मराठी अक्षरं उमटवतं. वाइनच्या आत ते जमलं, तरी बाहेरच्या लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं फुकट ऑफिस पॅकेज) त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता फायली. माझ्या मते तुमचा खरा ऐवज हाच आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. क्रुतीदेव या फॉन्टमध्ये तुम्ही ‘मराठी’ टाइप केलंत, तर फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही इंग्रजी अक्षरं साठतात. मराठी दिसतं ते फॉन्टच्या कृपेने. त्यामुळे फॉन्टची टीटीएफ फाइल लिनक्सवर टाकली की अक्षरं नीट दिसतील. लिब्रेऑफिसमधला ड्रॉ हा प्रोग्राम २०१५ पासून पेजमेकरच्या फायलीही उघडतो. पण चौकटी सरकतात, ओळी खाली येतात. जुना मजकूर काढून घ्यायला ठीक, त्यावरून प्लेट काढायला अजिबात नको.

मग करायचं काय? जुनं मशीन आहे तसं राहू द्या, फक्त त्याची नेटची वायर काढा आणि वायफाय बंद करा. पेजमेकरचं काम तिथेच करा आणि पीडीएफ पेनड्राइव्हने बाहेर न्या. (गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह मात्र त्याला लावू नका.) व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, बँक यांसाठी एखादं सेकंडहँड मशीन घ्या आणि त्यावर खुशाल लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) टाका. आधी ते पेनड्राइव्हवरून, काही न पुसता चालवून बघा. प्रिंट निघते का, स्कॅनर ओळखतो का, हे तेव्हाच पाहा. दुकानादुकानांत दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर भारी नखरे करतात.

एकाच मशीनवर भागवायचं असेल, तर लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स (संगणकातच दुसरा संगणक उभा करणारं सॉफ्टवेअर) घालून त्यात विंडोज बसवता येतं. तिथे खरंखुरं विंडोजच चालत असल्याने डोंगल यूएसबीमधून आत देता येते. मात्र ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी, शिवाय विंडोजचं लायसन्सही लागतं. ४ जीबीवर हे करायला गेलात, तर पान उलटेपर्यंत चहा होईल.

नवी कामं मात्र आजपासून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत घ्या. सुरुवातीला हात अडखळेल. इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी एकदा हातात बसली, की विंडोज काय, लिनक्स काय, बटणं तीच.

प्रश्न : मुलगी मॅकवर तिचा मराठी प्रबंध लिहिते. वर्डची फाइल इथे सांगलीत माझ्या विंडोजवर उघडली, की पानं वाढतात आणि अनुक्रमणिका चुकते. असं का?

उत्तर : मॅकवरचा कोहिनूर देवनागरी तुमच्या विंडोजवर नाही, म्हणून वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो. त्याची उंची-रुंदी निराळी, त्यामुळे ओळी वाढतात आणि पानं पुढे ढकलली जातात. दोघांनीही एकच मोफत फॉन्ट घाला. नोटो सान्स देवनागरी चालेल, किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता. तिने सगळा मजकूर त्यात बदलून अनुक्रमणिका पुन्हा अपडेट करावी. तुम्हाला नुसती प्रिंटच काढायची असेल, तर तिच्याकडून पीडीएफ मागवा.