जमीन खचणं, दरड कोसळणं आणि सिंकहोल, म्हणजे जमिनीत पडणारं भगदाड, हे सगळं एकच का? आणि सिंकहोल असा अचानक कसा पडतो?

एकच नाही. उतारावरची माती किंवा खडक खाली आला की ते भूस्खलन. त्यात कधी सुटे दगड कोसळतात, कधी अख्खा थर घसरतो, कधी चिखल वाहत येतो. कधी माती इतकी संथ सरकते की कुंपणाचे खांब कलल्यावरच कळतं. सपाट जमीन सावकाश बसते, तो प्रकार निराळा. बेसुमार भूजल उपसा हे त्याचं एक मोठं कारण. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात 1925 ते 1977 दरम्यान एका ठिकाणी जमीन जवळपास 9 मीटर खाली गेली.

सिंकहोल अचानक पडतो तो फक्त वरून बघणाऱ्यासाठी. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हजारो वर्षं चुनखडीच्या भेगा रुंदावत राहतं. मग वरची माती कणाकणाने त्या भेगांत निसटते. मातीत पोकळी होते, ती वर वर चढत येते आणि चिकणमातीची कमान सगळा भार पेलत राहते. कमान फार पातळ झाली की खेळ खलास. फ्लोरिडातल्या विंटर पार्कमध्ये 1981 साली असंच सुमारे 100 मीटर रुंद भगदाड पडलं आणि एक घर त्यात गेलं.

मी इमारतींच्या पायासाठी बोअर घेण्याच्या कामावर असतो. पोकळी लागली की आधी बोअरमध्ये सोडलेलं पाणी वर परतायचं थांबतं, मग रॉड हातभर एकदम खाली सुटतो. आजूबाजूला मात्र साधं गवत असतं. दर वेळी छातीत धस्स होतं.

ग्वाटेमाला सिटीत 2010 साली तीन मजली इमारत गिळणारा खड्डा चुनखडीतला नव्हता. तिथे ज्वालामुखीची सैल राख होती. गळक्या सांडपाणी वाहिन्यांनी ती धुऊन नेली असावी, असं जाणकारांचं मत आहे. अशा खड्ड्याला सिंकहोल म्हणू नये, असं काही भूशास्त्रज्ञ म्हणतात आणि मला ते पटतं. सिंकहोल म्हटलं की दोष निसर्गावर जातो आणि वाहिनी तशीच गळत राहते.

जमिनीवर गोलाकार भेगा, नवा खळगा किंवा साचलेलं पाणी भोवऱ्यासारखं आत जाताना दिसलं, तर माणसं आधी लांब करा आणि प्रशासनाला कळवा. नुसती माती टाकून बुजवू नका, खालची वाट उघडीच असेल तर तीही निघून जाईल. आणि कडेला उभं राहून आत वाकून बघू नका, ती कड बऱ्याचदा खालून पोखरलेली असते.