वाचकांचे प्रश्न : स्ट्रोक सरळ करणारा संच घ्यावा का?

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि स्नूकर मनापासून खेळते. जवळचे बॉल ती छान पॉट करते, म्हणजे पॉकेटमध्ये घालते, पण लांबचा बॉल नेमका पॉकेटच्या तोंडाशी अडकतो. तिला एक सरावसंच हवा आहे. त्यात क्यूला, म्हणजे बॉल मारायच्या काठीला, लावायचा लेझर आणि ज्यातून क्यू मागेपुढे सरकवायचा अशी एक नळी आहे. किंमत चार हजारांच्या वर. आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, पैसे कसेही उभे करू. पण त्याने स्ट्रोक, म्हणजे क्यू मारण्याची हालचाल, खरंच सुधारतो का?
— एक आई, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, एवढ्यात घेऊ नका. पण मुलगी उगाच हट्ट करत नाही, हेही आधीच सांगतो.

लांबच्या शॉटमधली चूक फार बारीक असते. टेबलावर रंगीत बॉल ठेवायच्या खुणा असतात, त्यांना स्पॉट म्हणतात. ब्राउन बॉलच्या स्पॉटपासून ब्लॅकच्या स्पॉटपर्यंत साधारण अडीच मीटर अंतर आहे. पांढरा बॉल अर्धा अंश जरी तिरका निघाला, तरी तिथे पोचेपर्यंत तो सुमारे २२ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. बॉलचा व्यासच ५२.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या बॉलाची चूक. अर्धा अंश ना डोळ्याला दिसतो, ना हाताला कळतो. मग आपली चूक दाखवणारं काहीतरी हवं असं खेळाडूला वाटणारच.

प्रश्न एवढाच की साधन चूक दाखवतं की झाकतं. नळी झाकते. तिच्यात क्यू सरळ जाईल, पण तो नळी जाऊ देते म्हणून. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. नळीत हात सुरेख चालतो आणि नळी काढली की खांदा पुन्हा जुन्या वळणावर. शरीर हालचाल कशी शिकतं याबद्दल साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली हेच मांडलं होतं. दर वेळी आधार आणि दुरुस्ती मिळत राहिली तर सराव चांगला दिसतो, पण शिकणारा त्या आधारावर विसंबतो आणि तो काढला की सुधारणा टिकत नाही.

लेझरचं थोडं वेगळं आहे. क्यू कुठे रोखला आहे हे तो खरं सांगतो. पण मुलं त्या ठिपक्याकडे बघत बसतात आणि मारण्याच्या क्षणी नजर ज्या बॉलवर हवी तिथे ती नसते. शिवाय सामन्यात तो लावता येत नाही.

त्यापेक्षा तिला हे करू द्या. पांढरा बॉल ब्राउनच्या स्पॉटवर ठेवायचा आणि मध्यम जोराने ब्लू, पिंक, ब्लॅक या तिन्ही स्पॉटांवरून समोरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, मारायचा. क्यू मारून झाला तिथेच स्थिर ठेवायचा. बॉल त्याच रेषेवरून परत येऊन टिपला, म्हणजे क्यूच्या टोकाच्या चामड्याला, लागला पाहिजे. दर वेळी एकाच बाजूला येत असेल, तर दोष स्ट्रोकमध्ये असू शकतो. मात्र आधी टेबल तपासा. हाच शॉट अगदी हळू मारून पाहा, आणि मग तोच समोरच्या टोकाकडून. दोन्ही वेळा बॉल खोलीच्या एकाच भिंतीकडे झुकत असेल तर टेबल उतरतं आहे, मुलीच्या हाताला दोष देऊ नका. स्नूकर पार्लरमधल्या जुन्या टेबलांना हा त्रास पुष्कळदा असतो.

टेबल ठीक असेल, तर पार्लरमधून पूल या खेळातला एक पट्ट्याचा बॉल मागून घ्या. पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत ठेवून बॉल मारायचा. मधोमध लागला तर पट्टा चाकासारखा सरळ फिरतो. जरा बाजूला लागला की डगमगतो. हे साधन हाताला धरत नाही, मारून झाल्यावर खरं तेवढं सांगतं. मला असंच साधन आवडतं.

मग फोन. तिच्या बरोबर मागे, क्यूच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एका मुलाचा हात वाकडा जातो म्हणून घरचे सगळे त्याच्या मनगटाच्या मागे लागले होते. व्हिडिओत दिसलं की उजवा पाय रेषेच्या बाहेर पडत होता आणि त्यामुळे कोपर अंगाला घासत होतं. पाय हलवला, हात आपोआप मोकळा झाला. बॉलला टिप लागताना मूठ आवळली जाते का, हेही बघा. लांबच्या शॉटला जोर लावायच्या नादात बहुतेकांची आवळते.

आणखी एक, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी. एप्रिल-मेमध्ये ब्रिजचा हात, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणारा हात, घामेजतो, क्यू अंगठ्याशी अडखळतो आणि स्ट्रोकला मध्येच हिसका बसतो. खेळताना दर थोड्या वेळाने क्यू आधी ओलसर, मग कोरड्या टॉवेलने पुसायला सांगा. टॉवेल तर घरचेच आहेत.

पैसे खर्चायचेच असतील, तर टिप घासून सपाट झाली असेल ती बदलून घ्या आणि उरलेल्यात टेबलाचे जास्तीचे तास. चित्रण करायला तुम्ही स्वतः पार्लरमध्ये जा. आपल्याकडच्या पार्लरमध्ये मुली अजून कमी दिसतात. इंदूरच्या स्नूकरपटू अमी कमानी आशियाई विजेत्या झाल्या, आपल्याकडच्या मुलीही तिथवर जाव्यात असं मला फार वाटतं. त्यासाठी तिला तिथे निवांत सराव करता आला पाहिजे, आणि आई बाकावर बसलेली असली की ते सोपं जातं.

दोनेक महिन्यांनी व्हिडिओत क्यू सरळ दिसतो आहे, पट्टाही डगमगत नाही, आणि तरी बॉल एकाच बाजूला चुकतो, असं झालं तर तिची नजर रेषा चुकीची पकडते आहे. हनुवटीखालून क्यू कोणत्या डोळ्याकडे झुकतो ते तेव्हा तपासावं लागेल. त्या वेळी लेझर थोडे दिवस कामाचा आहे, पण तोही विकत न घेता कोणाकडून मागून आणा. नळी तेव्हाही नको.