बाबांना दुसरा घोडा घेऊ दे का?

डिचोली, श्रावण

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

घोडी गेल्याचं तुझ्या पत्राआधीच बाजारात कानावर आलं होतं. बाबांना फोन केला, तर नुसते पावसावरच बोलत राहिले. तेव्हाच काय ते ओळखलं.

'साठी उलटली, आता परत घोडा कशाला, तुम्ही समजवा त्यांना' असं लिहितेस. मी नाही समजावणार. आपल्याकडे घोडा म्हणजे शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचाला कमरेला बांधतात तो. खरा दारात ठेवणारा माणूस गावाला आधीपासूनच वेडा वाटतोय. त्याला आता शहाणा करून काय मिळवायचं?

आधी दुःखाचं बघ. 'जनावरच ते' असं घरात कुणाला म्हणू देऊ नकोस. खोगीर-लगाम माळ्यावर टाकायची आईची घाई चाललीय ना? थांबव. या दमट हवेत चामड्याला चार दिवसांत बुरशी धरते. तेलाची वाटी बाबांच्या हातात दे. रोज पहाटे खरारा करणारे हात एकदम रिकामे झालेत, त्यांना काहीतरी लागतं. आणि घोडीला कायमचं झोपवायची सुई द्यायला सांगितली ती लवकर तर नाही झाली, हे त्यांना खात असणार. माझं नाव घेऊन सांग, लवकर नव्हती. एवढं जड जनावर आडवं पडून उठेनासं झालं की स्वतःच्याच वजनाने खालच्या बाजूचे स्नायू मरतात, श्वास कोंडतो. वाट बघणं म्हणजे तिचे हाल होते. जन्मभर जनावरांचा डॉक्टर होतो, तेवढं तरी माझं ऐकतील.

आता नव्या घोड्याचं. घोडा नीट ठेवला तर २५-३० वर्षं जगतो. बाबांनी तीन वर्षांचं शिंगरू आणलं, तर ते म्हातारं होईल तेव्हा बाबा पंच्याऐंशी पार केलेले असतील. म्हणून १२ ते १५ वर्षांचा, माणसाळलेला, खोड्या जिरलेला घोडा बघा. रेसमधून निवृत्त झालेला देखणा घोडा कुणी स्वस्तात देऊ करेल; तो बहुधा तरुण आणि तापट असतो, बाबांच्या कमरेचं काम नाही ते. त्यापेक्षा यमुनेचं पाणी प्यायलेली आपली भीमथडी तट्टं बरी. बुटकी, काटक, चढा-उतरायला सोपी.

विकणारा वय कमीच सांगणार. तोंड उघडून वरच्या ओळीतला पुढच्या दातांपैकी अगदी कडेचा दात बघायचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यावर हिरडीलगत एक काळपट खाच दिसू लागते. पंधराव्याच्या आसपास ती निम्म्या दातापर्यंत उतरते, विसाव्याला टोकाला पोचते. अंदाजच हा, पण 'आठ वर्षांचा' म्हणून अठरा वर्षांचा गळ्यात पडत नाही.

पावसात मात्र काही आणू नका. चिखलात खूर कुजतात, नवं जनावर आधीच बुजलेलं असतं. नंदुरबारकडच्या सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो. तोवर तबेल्याची चिऱ्याची जमीन उंच करून घ्या. चाऱ्याचीही सोय लावा: चारशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा-आठ किलो सुका चारा लागतो आणि नुसत्या भाताच्या पेंढ्यावर भागत नाही. चांगलं गवत बेळगावकडून आणावं लागेल, त्याचा खर्च आत्ताच धरा. मार्गशीर्ष येईपर्यंत बाबांचं मन फिरलं, तर फिरू दे. तू फिरवू नकोस.

अट एकच घाल. त्यांच्यानंतर घोडा कुणाकडे जाणार, ते पैसे देण्याआधी ठरलं पाहिजे, त्या माणसाला विचारून. भावनेच्या भरात 'मी सांभाळीन' म्हणून बसू नकोस. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतेस तू. बाबांच्या तबेल्यात मदतीला येणारा तो शेजारचा मुलगा घोडीला माझ्यापेक्षा बरा हाताळायचा. त्याच्या घरच्यांशी बोल.

सारंगखेड्याला जायचं ठरलं तर मला आठवडाभर आधी कळव. मी येतो.

तुझा,
काका